दोसे आणि डोस

आमच्या घरात लाईट कधी जायचे नाहीत, करंट जायचा. माडीवरच्या खोलीत अभिजित नावाचा पुण्याचा मुलगा भाड्यानं राहायला आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो जिन्यावरून ओरडला, "काकू, लाईट गेले का सगळ्यांचे?" आणि आई खालून म्हणाली, "लाईट आहेत जागच्या जागी. करंट गेलाय." तिला विनोद करायचा नव्हता. बेंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत दिवा, पंखा, मिक्सर ह्या सगळ्यांच्या पाठीमागे एकच करंट असतो, तो येतो आणि जातो. त्या वर्षांत तो बहुतेक जायचाच. मी कॉलेजात होते, आणि त्या वयातलं काहीही आठवायला बसले की मला आधी आठवतो तो पंखा थांबतानाचा आवाज. पाती जड व्हायची, एक बारीक कुरकुर व्हायची, आणि मग गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकाच सुरात "होय्तु" असं ऐकू यायचं. होय्तु म्हणजे गेला. कानडी, तेलुगू, तमिळ, मराठी, सगळे त्या एका शब्दापुरते एक व्हायचे आणि पुन्हा आपापल्या घरात उकडत बसायचे.

दोष कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा होता. चामराजपेटेतली आमची गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं दोन खांबांवर तो बसवलेला होता, त्याच्या सावलीत एक एळनीरवाला शहाळी घेऊन बसायचा. गल्लीत घरांवर माड्या चढल्या, माड्यांवर भाडेकरू आले, भाडेकरूंबरोबर गीझर आणि कॉम्प्युटर आले, ट्रान्सफॉर्मर मात्र तोच. ताण सहन झाला नाही की तो धप्प असा आवाज करायचा आणि एळनीरवाला कोयता खाली ठेवून दोन पावलं बाजूला व्हायचा. तक्रार करायला अण्णा, म्हणजे आमचे वडील, वीज मंडळाच्या कचेरीत जायचे आणि "स्वल्प अॅडजस्ट माडी", म्हणजे थोडं अॅडजस्ट करा, एवढं ऐकून परत यायचे. अण्णा अॅडजस्ट करून घ्यायचे. त्यांची सगळी नोकरी एका इन्शुरन्स कंपनीत अॅडजस्ट करण्यात गेली. मला मात्र तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. आता मी बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहते, करंट गेला तर जनरेटर आपोआप चालू होतो आणि गेला होता हे कळतसुद्धा नाही. तरी एखाद्या दुपारी पंखा नुसता हळू केला तरी मी मान वर करून पात्यांकडे बघते.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण सुलभा. तिनं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं, बी.एड. केलं होतं आणि जवळच्या हायस्कुलात ती मुलांना उष्णता, प्रकाश आणि वीज शिकवायची. शाळेत तिच्या तासाला मुलं गप्प बसायची. घरात तिला विचारण्याचा विषय एकच होता, पिठात मीठ घातलंस का. तिचे दोसे गल्लीत प्रसिद्ध होते, कडेनं जाळीदार आणि मध्ये मऊ, आणि तवा किती तापलाय हे ती पाण्याचा थेंब टाकून बघायची. थेंब तव्यावर नाचला की ती मला त्याचं कारण सांगायची, थेंबाखाली वाफेचा एक थर होतो आणि थेंब त्याच्यावर तरंगतो. मी ऐकायचे, कारण पहिला दोसे मला मिळायचा. आईनं हे कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. आई त्या वेळी नारळ खवत असायची आणि खवणीचा आवाज मोठा असतो.

दोशाबद्दल इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कानडीत एका दोशालाही दोसेच म्हणतात आणि आम्हीही तसंच म्हणतो. एक दोसे, दहा दोसे. अभिजितला हे सहन व्हायचं नाही. "काकू, एक डोसा, दोन डोसे," असं तो नाश्ता करता करता आईला शिकवायचा. कोरमंगल्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो कामाला होता, आठवड्यातून चार वेळा आमच्याकडे फुकट नाश्ता करायचा आणि वर आमचं मराठी सुधारायचा. आई "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायची आणि पुढचा दोसेच वाढायची. त्याला कॉम्प्युटर येतो म्हणून आईला त्याचं फार कौतुक होतं. रेडिओ बिघडला की अभिजितला बोलवा, गॅसचा वास आला की अभिजितला बोलवा. फिजिक्स शिकवणारी बाई घरात चटणी वाटत उभी असताना.

श्रीधरचं स्थळ आईच्या मावसबहिणीनं आणलं. मुलगा आमच्याच लोकांतला, हनुमंतनगरात वाढलेला, आणि नोकरी कारवारच्या पुढं जंगलात, अणुवीज केंद्रात इंजिनिअर. अणू हा शब्द आईनं ऐकला, पण त्याच्यापुढं सरकारी, क्वार्टर्स आणि पेन्शन असे तीन शब्द होते, त्यामुळे तो अडकला नाही. रविवारी सकाळी श्रीधर त्याच्या आईला घेऊन आला. उंच, जरा वाकून चालणारा, कानाजवळचे केस लवकर पिकलेले. त्यानं चपला काढून नीट भिंतीला लावून ठेवल्या हे आईनं पाहिलं. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणजे अक्का स्वयंपाकघरात दोसे घालणार, मी ते बाहेर नेणार, आणि शेवटी अक्का कॉफी घेऊन येणार. स्वयंपाकघराला दार नव्हतं, मण्यांचा पडदा होता, त्यामुळे बाहेरचं सगळं आत ऐकू यायचं.

अण्णांनी बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "तुमच्याकडची वीज इथं येते तरी कशी?" श्रीधर इतका वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, तो एकदम सरसावून बसला. म्हणाला, "तुम्ही पाणी तापवता तसंच आहे, अण्णा. फक्त खाली गॅसच्या ऐवजी युरेनियम." मग त्यानं समोरची भांडीच हातात घेतली. आई लहान मुलाचं दूध गरम करताना दुधाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवते ना, तसं. युरेनियमजवळचं पाणी वेगळं, ते आतल्या आत फिरतं. त्याच्या उष्णतेनं दुसरं पाणी तापतं, त्याची वाफ होते. दोन्ही पाणी एकमेकांना भेटत नाहीत. ती वाफ मोठ्या चाकाला लागते, चाक फिरतं, चाकाला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज होते. मग तिचा दाब पुष्कळ वाढवून ती मनोऱ्यांवरच्या तारांतून घाट चढून, जंगलातून, शेतांवरून शहराबाहेरच्या मोठ्या उपकेंद्रात येते. तिथं दाब कमी करतात, मग आणखी कमी करतात, आणि शेवटी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात.

"म्हणजे हा पंखा तुमच्या विजेवर?" अण्णांनी वर बघितलं.

"ते नाही सांगता यायचं," श्रीधर हसला. "शरावतीच्या पाण्याची वीज, रायचूरच्या कोळशाची वीज, आमची वीज, सगळी एका जाळ्यात मिसळते. एका टाकीत चार नळ सोडले तर तांब्यातलं पाणी कुठल्या नळाचं ते कोण सांगणार? आमचा नळ फक्त रात्रंदिवस एकसारखा चालू असतो."

मी दोसे वाढायला आत-बाहेर करत होते आणि मला दिसत होतं की अक्का तव्याकडे बघत नाहीये. ती पडद्याकडे बघत होती. एक दोसे तिच्याकडून करपला, आणि हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग आईनं त्याच्या ताटात आणखी एक घातला आणि विचारलं, "तिकडं जंगलात मिळतात का दोसे?" श्रीधरच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्याला पडद्यामागं कोण आहे हे माहीत होतं, आणि ती काय शिकली आहे हेही. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "मिळतात ना, मावशी. पण मोजून. प्रत्येकाच्या खिशाला एक बिल्ला असतो, त्याच्यावर किती डोस घेतले त्याची नोंद होते. वर्षाला किती घ्यायचे ते ठरलेलं. त्याच्यावर गेलं की आत सोडत नाहीत."

"अय्यो," आई म्हणाली. "खाण्यावर माणसं मोजतात?"

आत अक्का हसली. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून, पण मण्यांच्या पडद्यातून ते बाहेर गेलं आणि श्रीधरनं मान खाली घालून दोशाचा तुकडा चटणीत बुडवला. त्या दोघांनी अजून एकमेकांना नीट पाहिलंही नव्हतं. किरणोत्सर्ग अंगाला किती लागला ते मोजण्याला डोस म्हणतात हे त्या घरात त्या क्षणी दोघांनाच माहीत होतं. मला ते अक्कानं रात्री अंथरुणात सांगितलं आणि म्हणाली, "आईला मी सांगेन सावकाश. नीट समजावून सांगितलं की काही नाही त्यात." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. जंगलात क्वार्टर्सच्या मागं नदी आहे म्हणे, आणि तिथल्या शाळेला फिजिक्सची शिक्षिका हवी आहे, हे त्यानं कॉफी घेताना तिच्याकडे न बघता सांगितलं होतं.

आईला तर तो मुलगा आवडलाच होता, आणि त्यातही जास्त आवडली होती त्याची उपासमार. आठवडाभर ती येईल-जाईल त्याला सांगत होती, एवढा इंजिनिअर, पण पोटाला दोसे मोजून. आमची सुलू गेली की पोराची चंगळ होईल. तिनं पाठवायला चटणीपुडीसुद्धा कुटून ठेवली. अक्का रोज सांगेन म्हणायची आणि रोज आईचा तो उत्साह बघून उद्यावर टाकायची. आणि मग एका सकाळी आईनं हे अभिजितला सांगितलं.

अभिजितनं ताट बाजूला ठेवलं. मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला. "काकू, डोसे नाही हो, डोस. रेडिएशनचा डोस. अॅक्च्युअली तो तुम्हाला सांगत होता की त्याला रोज रेडिएशन लागतं आणि तुम्ही चटणीपुडी कुटताय." मग तो पुन्हा हसला आणि ऑफिसला गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मनात काहीच नव्हतं, हीच माझी त्याच्याबद्दलची तक्रार आहे.

आईला भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या आधी तिचं हसं झालं होतं, आणि तेही गल्लीभर सांगून झाल्यावर. त्या मुलानं आपल्याच घरात बसून, आपल्या हातचं खाऊन आपली थट्टा केली, असं तिनं घेतलं. ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून ती रेडिएशनबद्दल बोलायला लागली. अंगातून विष आणणारा जावई नको. मुलंबाळं धड होणार नाहीत. इतकी वर्षं झाली, मी तिची बाजू अनेकदा समजून घेऊन पाहिली आणि ती मला समजतेही. राग मात्र त्यानं तसूभर कमी होत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी अण्णांनी सगळ्यांना बसवलं. सगळ्यांना म्हणजे आई, मी आणि अभिजित. अक्का मागच्या पडवीत ग्राइंडरवर दुसऱ्या दिवसाचं पीठ वाटत होती. ग्राइंडरची घरघर, वर पंख्याची, आणि त्यात अभिजित खुर्चीवर पाय हलवत सांगतोय, "रिस्क आहे काकू. म्हणजे तसं सेफ असतं म्हणतात, पण रिस्क तर आहेच ना." हे वाक्य जगातल्या कुठल्याही गोष्टीला लागू पडतं, रस्ता ओलांडायला पण. आई मान डोलवत होती. अण्णा म्हणाले, "सरकारी नोकरी आहे." आई म्हणाली, "म्हणून विषात ढकलायची?" मग तिला नवंच काही सुचलं. "आणि ती वीज आपल्याकडे पण येते म्हणाला ना तो? म्हणजे ते आपल्या घरात पण येतं का?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अक्काला विचारा की. ती हेच शिकवते."

"तिला काय विचारायचं," आई म्हणाली. "ती त्याच्याच बाजूनं बोलणार."

ग्राइंडर चालू ठेवून अक्का उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठाचे. तिनं सगळं ऐकलं होतं. वर्गात बोलत असेल तशा आवाजात ती बोलायला लागली. "आई, तारेतून फक्त वीज येते. दुसरं काही येत नाही."

"एकाच ठिकाणाहून निघतं ना दोन्ही?"

"निघत नाही. ते तिथंच राहतं, जाड भिंतींच्या आत. आणि ते अंगाला लागतं तेही सगळीकडे थोडं थोडं असतंच. आपल्या ह्या फरशीच्या दगडातून येतं, उन्हातून येतं. तिथं ते नुसतं मोजतात, म्हणून भीती वाटते. तो डोस म्हणजे, आई..."

कोपऱ्यावर धप्प झालं.

पंखा जड झाला, कुरकुरला आणि थांबला. मागं ग्राइंडर बंद पडला. गल्लीतून "होय्तु" ऐकू आलं. आईनं अक्काकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ. नुसतं नाव काढलं तर गेला." मला वाटलं होतं अण्णा तरी हसतील. ते हसले नाहीत. अभिजित "शिट, माझा कॉम्प्युटर" म्हणत वर पळाला. अक्कानं पुन्हा तोंड उघडलं, पण आई उठलीच होती. "पीठ अर्धं राहिलं. असंच ठेवलंस तर उद्या दोसे होणार नाहीत. जा, रगड्यावर काढ."

आणि अक्का गेली. ती का गेली ते मला अजून कळत नाही, कदाचित त्या घरात पिठापुढं बाकी सगळं थांबायचंच अशी सवय आम्हा दोघींच्या हाडात होती. ती मागं दगडी रगड्यावर वरवंटा फिरवत बसली, गर्र गर्र असा तो आवाज येत राहिला, आणि इकडे अण्णांनी फोन उचलला. फोनला करंट लागत नाही. त्यांनी श्रीधरच्या आईला सांगितलं की पत्रिका जमत नाहीत, माफ करा. पत्रिका कुणी पाहिल्याच नव्हत्या. करंट परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. एळनीरवाला पुन्हा कोयता घेऊन बसला होता. अक्का पिठाचं पातेलं झाकून आत आली, तिनं अण्णांचा चेहरा पाहिला आणि हात धुवायला गेली. मी मात्र आठवडाभर अभिजितशी आणि महिनाभर आईशी बोलले नाही. त्यानं काय होणार होतं? चटणीपुडीचा डबा फडताळात तसाच होता, तो अभिजितनं संपवला.

अक्काचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांनी बँकेतल्या एका सज्जन माणसाशी तिचं लग्न झालं, जयनगरात घर झालं, मुलगा शिकून मोठा झाला, ती मुख्याध्यापिका झाली. भावोजींना मी काही नावं ठेवू शकत नाही आणि त्याचाही मला कधीकधी राग येतो. दोसे ती अजून करते, पण पीठ दुकानातलं आणते.

मागच्या वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि नंतर रेडिएशन सांगितलं. मी गाडी चालवायची, अक्का मागं आईजवळ बसायची. आई हॉस्पिटलात निमूट आत जायची, निमूट बाहेर यायची. एका दिवशी तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं कानडीत तिला सांगितलं, "अज्जी, आजचा डोस झाला, आता थोडेच राहिले." परतताना बेळ्ळंदूरजवळ रिंग रोडवर आम्ही अडकलो. पुढं बस, बाजूला टँकर, काही हलत नव्हतं. एसी चालू होता आणि तरी आई पदरानं वारा घेत होती.

"सुलू," ती म्हणाली, "हे मला देतात ते त्या मुलाचंच ना?"

"कुठल्या मुलाचं?"

"दोसेवाल्या."

मी आरशात पाहिलं. अक्का खिडकीबाहेर टँकरकडे बघत होती. इतक्या वर्षांत त्या घरात, त्या गाडीत, कुठंच कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. ती म्हणाली, "हो आई. त्याच जातीचं."

"मग त्याला किती मिळायचे? माझ्यापेक्षा जास्त की कमी?"

"कमी. पुष्कळ कमी. तुला एका वेळेला त्या जागेवर देतात तेवढे त्याला सगळ्या नोकरीत मिळाले नसते."

आई पदरानं वारा घेत राहिली. पुढची बस हातभर सरकली आणि मागच्यानं हॉर्न वाजवला. मला मागं वळून ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते मी इतकी वर्षं घोकून ठेवलं होतं आणि त्यातला एकही शब्द मला सापडेना. आईनंच पुन्हा विचारलं, अगदी साधेपणानं, मीठ घातलंस का विचारायची तशाच आवाजात.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस ग?"

अक्कानं आईच्या खांद्यावरचा पदर नीट केला. "सांगत होते, आई," ती म्हणाली. "मध्येच करंट गेला."